तीन नंबर कुणाचा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी. उभी हयात बांधाबांधानं साखळी टाकण्यात आणि भांडणाऱ्या भावाभावांना हद्दीचे दगड दाखवण्यात गेली. ती सवय घरी आल्यावर चपलेबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नव्हती. नवी खाट आली की टेप, पडदा शिवायचा म्हटलं की टेप, माझी उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर, तीही मिलिमीटरपर्यंत. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आता भाकर तेवढी मोजायची राहिली बघा. आणा टेप, एका कडंला सरकली वाटतं जराशी." अण्णा हसायचे नाहीत. ते खरोखर एकदा भाकरीकडं बघून घ्यायचे.

लातूरला आमचं घर खाली तीन खोल्यांचं आणि वर पत्र्याची एक खोली. नळ आठ-नऊ दिवसांनी यायचा, त्यामुळं अंगणात निळ्या ड्रमांची रांग होती आणि अण्णांनी त्यांच्यावर लाल रंगानं एक ते सात आकडे घातले होते. एक-दोन पिण्याचे, तीन स्वैपाकाचा, पुढचे भांड्याकुंड्याचे, आंघोळीचे. पाहुण्यानं चुकून पाच नंबरातला तांब्या ओठाला लावला की अण्णा बाहेर येऊन अगदी अदबीनं सांगायचे, "ते भांड्याचं हाय. नंबर बघून घेत जावा." आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. पण खरं सांगते, त्या शिस्तीत आम्हाला लई सुरक्षित वाटायचं. घरात प्रत्येक गोष्टीला नंबर होता आणि नंबर एकदा पडला की पडला. आज माझ्या घरात कुठल्याच डब्यावर काही लिहिलेलं नसतं. चहाच्या डब्यात हळद निघते, तेव्हा अण्णांची आठवण येते.

त्या वर्षी उज्जूताई आमच्याकडं राहायला आली. उज्ज्वला, माझ्या आत्याची मुलगी, मुदखेडची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावी चांगल्या मार्कांनी झाली होती, पण डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात हुकली होती. आत्याचा नवरा वारलेला, आत्या अंगणवाडीत मदतनीस. भोकरकडचं एक स्थळ उंबऱ्यावर येऊन बसल्यासारखंच होतं. आत्या अण्णांना म्हणाली, "दादा, एक वर्स ठेवून घे. तुमच्या लातूरची शिकवणी लावू. झालं तर झालं, न्हाई तर पाव्हणे हायेतच." अण्णांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. वरची पत्र्याची खोली तिला दिली, शिकवणी लावली आणि परीक्षेचा सराव आता कॉम्प्युटरवर करतात म्हणून एक जुना लॅपटॉपसुद्धा घेऊन दिला. मला तेव्हा पोटात दुखलं होतं. मला मिळाला तो माझ्या भावाचा, मिलिंददादाचा, उष्टा कॉम्प्युटर. पंख्यातून ट्रॅक्टरसारखा आवाज काढणारा.

उज्जूताई पहाटे चारला उठायची. वरून तिचं पाठांतर पत्र्यावरून घरंगळत खाली यायचं, आणि त्याच्या पाठोपाठ आईच्या भाकरीचा थप थप आवाज. साडेसहाला ती शिकवणीला जायची, अकराला घामाघूम परत. आई तिच्यासाठी सुशीला करून ठेवायची. सुशीला म्हणजे कुणी बाई नव्हे, चुरमुरे भिजवून कांदा-मिरचीवर परतलेले, वर शेंगदाण्याचं कूट; लातूरकडचा माणूस नाश्त्याला दुसरं काही मागत नाही. संध्याकाळी पाचला परत शिकवणी. मधल्या वेळात वरच्या तापलेल्या पत्र्याखाली ती ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसायची. तिला आमच्या घरी राहून नऊ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत तिनं "मामी, मला हे पाहिजे" असं एकदाही म्हटलेलं मला आठवत नाही. मी मात्र दिवसातून दहा वेळा म्हणायची.

आमच्या घरात इंटरनेटचा राउटर बसवला तो मिलिंददादानं. तो नांदेडला इंजिनिअरिंगला होता, सुट्टीला आला होता. अण्णांचा कॉम्प्युटर बैठकीत, माझा मधल्या खोलीत, उज्जूताईचा लॅपटॉप वर. तिघं एकाच डबीला जोडलेले. अण्णांनी विचारलं, "तीन यंत्रं हायेत, मग कुणाचं टपाल कुणाला द्यायचं हे त्या डबीला कसं कळतंय?" दादा म्हणाला, "प्रत्येकाला पत्ता असतो अण्णा. आयपी अॅड्रेस. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट असा लांबलचक असतो, पण आपल्या घरात शेवटचा आकडा तेवढा वेगळा. समजा, आधीचे आकडे म्हणजे जिल्हा, तालुका, गाव. शेवटचा आकडा म्हणजे गट नंबर."

गट नंबर! झालं. अण्णांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी प्रत्येक यंत्रावर दादाकडून नंबर काढून घेतला. डबी एक, अण्णा दोन, उज्जूताई तीन, मी चार. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या घराचा नकाशा काढला. प्रमाणात, उत्तर दिशेचा बाण घालून, बारीक टोकाच्या पेननं. बैठक, मधली खोली, जिना, वरची खोली, आणि प्रत्येक यंत्राच्या जागी गोलात नंबर. खाली सही आणि तारीख. तो नकाशा राउटरच्या वर भिंतीला चिकटवला. दादा हसून म्हणाला, "अण्णा, हे काय सातबाऱ्याला लावायचं हाय का?" अण्णा म्हणाले, "कागद असावा." दादानं त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली, तिथंच सगळं घडायचं होतं. राउटरच्या पानावर त्या दिवसाची यादी दिसायची: कुठल्या नंबरानं किती वाजता कुठली साइट उघडली. दादानं सहज दाखवलं. अण्णांनी ते सहज घेतलं नाही.

आता माझ्याबद्दल. अकरावीत होते. अभ्यासात ठीकठाक, बोलण्यात तिखट आणि मनातून भयंकर कंटाळलेली. सकाळी दहा ते दीडपर्यंत रोज लाइट जायची. दीडला पंखा फिरला की आई बैठकीत आडवी व्हायची, आणि दोन वाजता मी माझा ट्रॅक्टर सुरू करायची. एक चॅटरूम सापडली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारी दहा-वीस माणसं तिथं बसलेली असायची. एक कोल्हापूरचे गुरुजी, एक दुबईत नोकरी करणारा, एक सोलापूरची बाई जी फक्त आमटीबद्दल बोलायची. आणि मी? मी वैमानिक होते. शपथेवर सांगते. "आज कुठं उतरलात मॅडम?" असं दुबईवाल्यानं विचारलं की मी म्हणायची, "सिंगापूर. पाऊस आहे इथं." आणि तेवढ्यात आई झोपेतून ओरडायची, "प्रज्ञे, नळ आला का बघ!" मग सिंगापूरहून थेट अंगणात. कुणाला फोटो दिला नाही, कुणाला फोन नंबर दिला नाही. पण त्या पानाच्या कडेला ज्या जाहिराती हलत असायच्या, त्या अर्ध्या कपड्यांतल्या बायांच्या होत्या. मी त्यांच्याकडं बघायचंच सोडून दिलं होतं.

परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. एका गुरुवारी संध्याकाळी जेवणं चालली होती. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती, भाकरी, कांदा. अण्णांनी हात धुतला, वही आणली आणि परत पाटावर येऊन बसले. आवाज चढवला नाही. अण्णा कधीच आवाज चढवायचे नाहीत, बांधावर कुऱ्हाडी निघाल्या तरी.

"उज्ज्वला, तीन नंबर तुझाच ना?"

"हाव मामा."

"तीन दिवस मी बघून राहिलो. मंगळवार, बुधवार, आज. दोन ते चार तीन नंबरवर हे चालू हाय." त्यांनी वहीतलं नाव वाचलं. माझ्या चॅटरूमचं नाव. "मी उघडून बघितलं. काय हाय ते मला ताटावर बसून सांगता येईना."

माझ्या तोंडातला घास तिथंच राहिला.

"मामा, मी न्हाई केलं," उज्जूताई म्हणाली.

आई मधे पडली. "अवो, पहाटे चारपासून पोरगी अभ्यास करून राहिली. तिला कुठली फुरसत आलीय असल्याला?"

"मग तीन नंबर कोण चालवलं? भूत?" अण्णांनी वही मिटली. "मला बी वाईट वाटतं. पण तीस वर्स मी लोकांला एकच सांगत आलो. तुमी काय बी म्हणा, कागद काय म्हणतो ते बघू. घरचं पोर हाय म्हणून कागद बदलत न्हाई."

उज्जूताईनं एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग ती ताटाकडं बघत राहिली आणि पुढं एक शब्द बोलली नाही. मी का गप्प बसले? तीस वेळा तरी स्वतःला विचारलंय. आधी वाटलं की तिचाही तिथं जीव रमत असेल, ती पण जात असेल, योगायोगानं त्याच वेळी. कागदावर तीन होतं आणि माझा नंबर चार होता. मलाही अण्णांचा कागद खरा वाटत होता, आणि तो कागद माझ्या सोयीचा होता. सरळ सांगायचं तर मी भ्याले.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी तिला बसमध्ये बसवून दिलं. "बापाबगरची पोर हाय," ते आईला म्हणाले. "उद्या काही झालं तर ताईला मी काय तोंड दाखवू? जिम्मेदारी माझी हाय." वाईट माणूस असता तर मला राग तरी धरता आला असता. उज्जूताईनं लॅपटॉप नेला नाही. गादीवर बंद करून ठेवला होता, वर घडी घातलेला टॉवेल.

त्यानंतर घरात पहाटेचा आवाज येईना. आई चारला जागी व्हायची आणि उगंच भांडी हलवत बसायची. तिनं सुशीला करायचं सोडलं. अण्णांशी ती कामापुरतं बोलायची, आणि अण्णाही तिच्या नजरेला नजर देत नव्हते. मी चॅटरूम उघडली नाही. दुबईवाला बिचारा अजून मला सिंगापूरच्या पावसात धरून बसला असेल.

मंगळवारी मिलिंददादाचा फोन आला. उज्जूताईला घरी पाठवलं हे त्याला आईकडून कळलं होतं. अण्णा ऑफिसात होते, फोन मी घेतला. तो विचारत होता, "नक्की कशावरून म्हणतेत अण्णा?" मी तीन नंबरचं सांगितलं. मग तो म्हणाला, "अगं येडे, नंबर बदलत असतेत. लाइट गेली की ती डबी सगळं विसरते. लाइट आली की जो पहिला येईल त्याला दोन, दुसऱ्याला तीन. नव्यानं वाटप. मी अण्णांना सांगायला पाहिजे होतं. गट नंबर म्हणालो आणि तसंच सोडून दिलं. माझंच चुकलं." मी म्हटलं, "मग त्या दिवशी तीन कुणाचा होता?" तो म्हणाला, "मला काय ठावं? दुपारी घरात कोण कोण चालू असतं?" मी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

मला सगळं समजलं, एका झटक्यात. उज्जूताईचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच असायचा. दीडला लाइट आली की डबी जागी व्हायची आणि तो वरूनच सगळ्यांत आधी जाऊन हजर. त्याला दोन. अण्णांचा कॉम्प्युटर बंद, ते ऑफिसात. दोन वाजता मी माझा सुरू करायची, मला तीन. रोज दुपारी भिंतीवरचा नकाशा खोटा ठरत होता आणि रोज संध्याकाळी अण्णा तो खरा मानून यादी वाचत होते. फोन ठेवण्याआधी दादानं अण्णांना फोन करतो म्हटलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, "तू नको, मी सांगते." कारण त्यानं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न अण्णांनी लगेच विचारला असता, आणि त्याचं उत्तर घरात एकाच माणसाकडं होतं. असं म्हणून मी मंगळवार घालवला, बुधवार घालवला, गुरुवार घालवला. आज मी पोरींना हाच विषय शिकवते, लातूरलाच, तंत्रनिकेतनात. नंबर कसे वाटले जातात हे फळ्यावर काढताना दरवर्षी माझा खडू एका जागी थांबतो. पोरींना वाटतं, मॅडम विसरल्या.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याचा फोन आला. अण्णांनी घेतला. "इतवारी पाव्हणे येऊन राहिलेत बघायला," आत्या म्हणत असावी, कारण अण्णा "हूं, हूं" करत होते आणि मग म्हणाले, "तू बघ बाई, तुझं लेकरू हाय." फोन ठेवून ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. आई स्वैपाकघरातून म्हणाली, "झालं का समाधान?"

दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, अण्णांना सुट्टी. सकाळी नऊच्या सुमारास मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, मला फेरमोजणी पाहिजे."

ते पेपर वाचत होते. वर बघून म्हणाले, "कशाची?"

"तीन नंबरची. तुमच्या नकाशात चूक हाय."

आईनं लाटणं ठेवलं. अण्णांच्या नकाशात चूक आहे असं आजवर आमदाराच्या माणसानंही म्हटलं नव्हतं. पण फेरमोजणी मागितली की नाही म्हणता येत नाही, तो कायदा त्यांच्या रक्तात होता. त्यांनी चष्मा पुसला. "दाखव."

मी माझा कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. दादानं दाखवलेल्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून नंबर काढला. चार. अण्णा म्हणाले, "बघ. कायम हाय." आदल्या रात्री डबी बंद-चालू करून मी यंत्रं नकाशाच्याच क्रमानं लावून बघितली होती, आणि त्यानंतर लाइट गेलीच नव्हती, ही साधी गोष्ट घाईत विसरले होते. म्हटलं, "थांबा. रोज दुपारी जसं असतं तसं करू. तुमचा बंद करा, तुम्ही ऑफिसात असता. माझा पण बंद." वर जाऊन टॉवेल बाजूला केला, उज्जूताईचा लॅपटॉप उघडला, सुरू केला आणि तसाच सोडला. खाली येऊन म्हटलं, "आता मेन स्विच पाडा. आपलं भारनियमन."

अण्णांनी खटका पाडला. पंखा थांबला, फ्रिजचा आवाज थांबला. आम्ही तिघं अंधाऱ्या मधल्या खोलीत उभे. आई पदरानं वारा घेत होती. मग खटका वर. डबीवरचे दिवे एक एक करून लागले. पाच मिनिटं थांबलो, मी माझा सुरू केला.

"आधी वरचा बघा," मी म्हटलं.

अण्णा स्वतः जिना चढून गेले. मी तिथं नंबर काढून दिला. दोन. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोनच होता. खाली आलो. माझ्या कॉम्प्युटरवर काढला. तीन.

अण्णा उभेच होते. म्हणाले, "परत कर."

परत केलं. परत दोन आणि तीन. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः माझा आधी सुरू करून बघितला, लॅपटॉप नंतर. आकडे उलटे झाले. मी म्हटलं, "अण्णा, हे गट नंबरासारखं न्हाई. आठवडी बाजारासारखं हाय. जो आधी येईल तो पयल्या जागेवर पाल टाकतो. पुढच्या बाजाराला त्याच जागेवर दुसरंच कुणी बसतं. जागा बघून माणूस सांगता येत न्हाई."

त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. चेहरा कसनुसा झाला होता. मला त्यांची इतकी दया आली की आणखी काही बोलूच नये असं वाटलं. आणि त्यांनी विचारलंच, हळू आवाजात, कामाचा प्रश्न विचारावा तसा. "म्हंजे दुपारी, लाइट आल्यावर, वरचा दोन. आणि तीन?"

"तीन मी," मी म्हटलं. "तिन्ही दिवस मीच होते. ताईचा काहीच संबंध न्हाई. मी त्या दिवशी ताटावर गप बसले."

मला वाटलं आता हात उठेल. आजवर उठला नव्हता, पण आज उठेल. आई पुढं झाली होती, कुणाला आवरायला ते तिलाही ठाऊक नसावं. अण्णा खाटेवर बसले. म्हणाले, "मंगळवारी तुला कळलं?" दादाशी त्यांचं बोलणं झालेलं नव्हतं, पण मंगळवारी मी त्याच्याशी फोनवर बोलत होते हे आईनं सांगितलं असणार. मी मान हलवली. "आज शनवार," ते म्हणाले. एवढंच. मग उठून त्यांनी नकाशा भिंतीवरून काढला. फाडला नाही, घडी घालून वहीत ठेवला. आणि आईला म्हणाले, "पहाटेची पहिली गाडी. प्रज्ञा बी येईल."

लातूर ते नांदेड एस्टीत अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नांदेडच्या स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून मुदखेड पॅसेंजरनं अर्ध्या तासावर.

आत्याच्या दारात चपलाच चपला होत्या. पाहुणे लवकर आले होते. सतरंजीवर चार पुरुष, दोन बाया, पोह्यांच्या बशा. उज्जूताई कुणाची तरी निळी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. आम्हाला बघून तिथंच थांबली. आत्या म्हणाली, "दादा? अरे, कळवायचं तरी."

अण्णा बसले नाहीत. पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, "माफ करा मंडळी. पोरगी अजून परीक्षेला बसायची हाय. मी तिला घरी पाठवलं ते माझ्या चुकीनं. तिच्यावर मी नको तो आळ घेतला. मोजणी माझी चुकली." भरल्या घरात, अनोळखी माणसांसमोर, माझे वडील हे बोलले. आत्या म्हणाली, "मग ते केलं कोण?" अण्णा म्हणाले, "माझ्या घरातली चूक हाय. तेवढं बस झालं." ते मला झाकत होते. तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. "मी केलं आत्या. मी." पाहुण्यांतली म्हातारी बाई माझ्याकडं वरून खाली बघत राहिली. आत्यानं तोंडाला पदर लावला. उज्जूताईनं ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. दहा मिनिटांनी आपल्या पंजाबी ड्रेसमध्ये, पिशवी घेऊन बाहेर आली.

हे आधीच सांगून टाकते, नाही तर तुम्ही उगं काळजीत राहाल: ती परीक्षेत पास झाली. एमबीबीएस नाही मिळालं, थोडक्यात परत हुकलं. आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. आता तिचा दवाखाना आहे आणि माझ्या पोरीचा खोकला फोनवर ऐकून ती औषध सांगते. त्या बुडालेल्या दिवसांत शिकवणीतले दोन मोठे पेपर झाले होते. ते दिले असते तर एमबीबीएस मिळालं असतं का, हे ती कधी म्हणाली नाही. मी म्हणते, मनात, बऱ्याचदा.

परतीच्या पॅसेंजरमध्ये अण्णा मुद्दाम पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. उज्जूताई खिडकीशी, मी तिच्यासमोर. मी सगळं सांगायला लागले. वैमानिक, दुबईवाला, लाइट, डबी, दोन आणि तीन. तिनं मधेच थांबवलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "दुपारी पाणी प्यायला खाली आले की तू खिडकी बंद करायचीस. त्याच दिवशी ताटावर मला कळलं कुणाचं हाय ते."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"मामाच्या घरचं खाऊन मामाच्या लेकीचं नाव घ्यायचं होय?" ती बाहेर बघत म्हणाली. "मला वाटलं तू सांगशील. बसस्टँडवर गाडी सुटेपर्यंत वाटलं. मग वाटलं, संध्याकाळच्या आत फोन येईल."

गाडी हलत होती. तिनं पिशवीतून जीवशास्त्राचं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि प्रश्न विचारायला म्हणून माझ्या मांडीवर ठेवलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नऊ दिवस लागले गं तुला," ती म्हणाली.